उघाडीकाठचं बी

पेणहून खाडीकडे जाणारा रस्ता जिथे डांबराला रामराम ठोकतो, तिथून बांधावरून पाऊण तास चाललं की दिवखार लागतं. गावाच्या तीन बाजूंना खारं पाणी आणि चौथ्या बाजूला पक्क्या रस्त्याचं आश्वासन. या गावात सगुणा म्हात्रे माती खायची.

खायची म्हणजे खरोखरच. कोणी आपल्या शेतातली चिमूटभर माती कागदात बांधून आणली की सगुणा ती जिभेवर ठेवायची, डोळे मिटायची, एकदा थुंकायची आणि सांगायची, "वरच्या अंगाची हाय. हिला साधं बी चालंल." नाहीतर कपाळाला आठी घालून म्हणायची, "ही उघाडीकाठची. हिच्यात दुसरं कायबी घातलंस तर पेंढा बी मिळायचा नाय."

उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. ओहोटीला ते उघडून शेतातलं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला बंद करून दर्याला बाहेर ठेवायचं. दार कितीही चांगलं असलं तरी थोडं खारं पाणी आत झिरपतंच. त्यामुळे उघाडीजवळची शेतं कायम खारट, आणि तिथं एकच भात उभं राहायचं. लालसर दाण्याचं, लांब कुसळाचं, पाहुण्याला वाढायला लाज वाटावी असं जाडंभरडं. गाव त्याला उघाडीकाठचा राता म्हणायचं. दिसायला गबाळं होतं, पण गावातली तेवीस घरं त्याच्यावर जगत होती.

हे काम सगुणाला सासूकडून मिळालं होतं. सासू धोंडुबाई मरताना दागिने थोरल्या सुनेला देऊन गेली आणि बियाणं धाकटीला. थोरली खूश झाली. सगुणा तिच्याहून खूश झाली, आणि ते थोरलीला शेवटपर्यंत कळलं नाही.

दिवखारात बी विकत नसत. माती दाखवायची, सगुणा सांगेल ते न्यायचं, आणि दसऱ्याला नव्या लोंब्या घेऊन तिच्या दारात यायचं. लोंब्या दारावर बांधायच्या आणि ओटीवर बसून सांगायचं, बी कसं आलं, कुठं पडलं, कुठं कुजलं, किती दिवस पाणी सोसलं. वाईट झालं असेल तर ते आधी सांगायचं. चहा त्यानंतर. जो आला नाही त्याला पुढच्या साली बी नाही, मग तो सख्खा दीर का असेना. एका दसऱ्याला दीर बाबाजी आला नव्हता. तो जोळाचा कारभारी, म्हणजे बांध राखणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटाचा पुढारी. त्यालाही तिनं पुढच्या मिरगाला दारातून परत पाठवलं. बाबाजी महिनाभर बोलला नाही. पुढच्या दसऱ्याला मात्र सर्वांत आधी हजर होता.

त्र्याण्णव सालच्या मे महिन्यात नम्रता आली. रोह्याच्या पलीकडे, अष्टमीत राहणारी, विद्यापीठाच्या रोह्याच्या भात केंद्रात संशोधन करणारी मुलगी. चपला हातात घेऊन, गुडघाभर चिखल तुडवत आली तेव्हाच सगुणाला आवडून गेली. एरवी शिकलेली माणसं बांधावर उभी राहून लांबूनच प्रश्न विचारायची.

"मावशी, खाऱ्या जमिनीतली भातं गोळा करतेय," नम्रता म्हणाली. "परदेशातलं एक विद्यापीठ आणि आमचं विद्यापीठ मिळून अभ्यास करतायत. समुद्र पुढे वाढणार म्हणतात. जगभर अशी बियाणी लागतील."

"जगाला आमचं बी लागंल?" सगुणाचा चेहरा फुलला. "मग माती दाव तुझी."

"माझं शेत नाही हो. प्रयोगालाच हवंय."

इथं सगुणा चुकली. माती न बघता बी द्यायचं नाही, हा धोंडुबाईचा नियम तिनं मोडला. आणि दुसरी चूक त्याहून गोड होती. गावात साक्षरतेचे वर्ग झाले होते आणि पन्नाशीत सगुणा सही करायला शिकली होती. तेव्हापासून सही करायची संधी ती सोडत नसे. पोस्टमनच्या वहीत एका जागी सही हवी असली तर ती दोन जागी करायची. नम्रतानं तीन छापील कागद पुढे केले. सगुणानं एकही ओळ न वाचता तिन्हींवर 'सगुणा काळुराम म्हात्रे' असं काना-मात्रांसकट काढलं, आणि वर विचारलं, "आनखी कुठं करायची?"

दसरा आला. नम्रता आली नाही. पोर कामात असेल, सगुणानं मनाची समजूत घातली. चौऱ्याण्णवचा दसराही तसाच गेला. तेव्हा मात्र तिनं ओटीवर सगळ्यांसमोर सांगितलं, "त्या रोह्याच्या पोरीला आता बी नाय." म्हणताना तिला वाईट वाटलं. चिखलात चपला काढणारी माणसं काही रोज भेटत नाहीत.

पंच्याण्णवच्या श्रावणात अवसेचं उधाण आणि वाऱ्याचा पाऊस एकाच दिवशी आले आणि बांधाला खांड पडली. उघाडीशेजारचा दहा हात बांध खाडीनं एका भरतीत गिळला. घरटी एक माणूस या जोळाच्या रिवाजाप्रमाणे अख्खं गाव चिखल-दगड घेऊन उभं राहिलं आणि चौथ्या दिवशी खांड बांधून काढली. पण तोवर भात आठ भरत्या पाण्याखाली होतं. राता बराच सोसायचा. इतकं त्यालाही सोसवलं नाही. सगुणाच्या घरात पाणी शिरलं. पेंढ्यात घट्ट आवळून ठेवलेल्या बियाण्याच्या दोन मुड्या होत्या, त्या फुगून फुटल्या. भाताच्या बाकीच्या सहा जातींचं बी वरच्या शेतांतून मिळालं. उघाडीकाठचा राता मात्र गावातून साफ गेला.

दिवाळीनंतर सगुणा आणि बाबाजी खाडीकाठची चौदा गावं फिरले. कुठे लोकांनी दुकानातलं बी धरलं होतं, कुठे शेत टाकून माणसं कंपनीत शिफ्टला जात होती. राता नाव सांगितलं की म्हातारे मान हलवायचे आणि तरणे हसायचे. इकडे खांडीनंतर माती अशी खारट झाली होती की चाखल्यावर सगुणाला दोन वेळा चूळ भरावी लागायची. तेवीस घरांच्या जमिनीत आता दुसरं काही उभं राहणार नव्हतं. यंदा बी मिळालं नाही तर ती घरं खार सोडून जाणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं. त्यांतल्या कान्हूनं तर रोह्याला खोली बघायला माणूस धाडलासुद्धा होता.

"भावोजी," ती एक दिवस बाबाजीला म्हणाली, "बी रोह्याला हाय."

"त्या पोरीकडं? जिला तू नाय म्हनालीस?"

"तिला नाय म्हनाले. मागू नये असं कुठं म्हनाले?"

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दोघं पेणहून एस.टी.त बसून रोह्याला गेले. केंद्राची इमारत नवी होती. दारात कुंड्या, आत पंखे, आणि फरशी इतकी पुसलेली की बाबाजीनं चपला हातात घेतल्या. सगुणानं घेतल्या नाहीत. "आपलं बी हितं राहतंय," ती म्हणाली. "आपून काय चोर हाव काय?"

नम्रता त्यांना बघून उठली, हसली, आणि मग तिचं हसू अर्ध्यावर थांबलं. खांडीची हकीकत ऐकून तर तिला खुर्चीत बसवेना. "आहे मावशी, बी आहे," ती म्हणाली. थंड खोलीत चांदीसारख्या पाकिटांत थोडं होतं, आणि केंद्राच्या वाफ्यात वाढवलेलं दोन पायल्या एका डब्यात होतं. "पण मला देता येणार नाही. साहेबांना विचारावं लागेल."

साहेब म्हणजे केंद्राचे प्रमुख डॉक्टर कुंटे. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर सगुणाचं काम सोपं झालं असतं. तिला भांडायला आवडायचं. कुंट्यांनी दोघांना बसवलं, पाणी दिलं, आणि फाइलीतून तीन कागद काढून तिच्यापुढे ठेवले. काना-मात्रांसकट तिचीच सही.

"बाई, हे बी आता आंतरराष्ट्रीय प्रकल्पात नोंदलेलं आहे," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "करारच तसा आहे. परदेशी विद्यापीठाचं पत्र आल्याशिवाय दाणासुद्धा बाहेर जात नाही. मी आजच फॅक्स करतो. दोन-तीन महिन्यांत उत्तर येईल."

"मिरीग दहा दिवसांवर हाय," बाबाजी म्हणाला.

"मला कळतंय हो. पण नियम आहेत."

सगुणा कागदांकडे बघत होती. आपल्याच अक्षराचा तिला राग आला. पण ती राग धरून बसणारी बाई नव्हती. तिनं कागद बाजूला सारले आणि विचारलं, "ते ऱ्हाऊ दे. माझ्या बियाचं काय केलंत ते तरी सांगा."

कुंटे गोंधळले. बियाचं काय केलं हे त्यांना परदेशातून विचारत, दिल्लीहून विचारत. दिवखारातून विचारतील असं त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्यांनी नम्रताकडे पाहिलं. नम्रतानं कपाटातून एक गुळगुळीत कागदाचं इंग्रजी मासिक काढलं. त्यात तिचा आणि कुंट्यांचा लेख होता. ती एक-एक वाक्य मराठीत करून सांगू लागली. पहिल्यांदाच करत होती, म्हणून अडखळत होती. अमुक इतका खारटपणा बियानं सोसला. त्याहून जास्त पातळीला मात्र उगवलंच नाही. दोन्ही वर्षी नाही. म्हणून हे वाण मध्यम प्रतीचं ठरतं.

"मध्यम?" सगुणा ताठ झाली. "पेरलंत कसं?"

"कुंडीत. खारं पाणी मोजून घातलं आणि बी पेरलं."

"सुकं?"

"हो, सुकंच."

सगुणा इतकी मोठ्यानं हसली की बाहेरचा शिपाई डोकावला. "अगो बाय, सुका राता खाऱ्यात कोन घालतं गो!"

बाबाजीनं तिचा पदर ओढला. तो कारभारी माणूस, त्याला लगेच वास लागला होता. "वयनी, गप ऱ्हा," तो कुजबुजला. "आधी बी दे म्हनावं, मग सांग. त्यांचं अडलंय."

कुंट्यांना ते ऐकू गेलं. त्यांनी मान खाली घातली, कारण त्यांचं खरोखरच अडलं होतं. दोन वर्षं तो प्रयोग फसत होता.

सगुणानं पदर सोडवून घेतला. "भावोजी, सांगायचं ते डांबून ठेवलं तर ह्यांच्यात आन् आपल्यात फरक काय ऱ्हायला?" ती म्हणाली आणि कुंट्यांकडे वळली. "लिवून घ्या, साहेब. बी एक रात गोड्या पान्यात भिजवायचं. मग पेंढ्याखाली दडपून ठेवायचं. दुसऱ्या दिशी त्याच्यावर खाडीचं पानी शिंपडायचं, फकस्त शिंपडायचं. बियाला आधी चव कळूं द्यायची. मोड आलं की गोड्या चिखलात रोपं करायची, आन् तीन मोठं पाऊस मातीवरून धुवून गेलं की एकेक रोप उघाडीकाठी लावायचं. तसं केलं तर सोसतं. सुकं फेकलं तर कुनाचं बी मरंल."

नम्रता लिहीत होती. कुंटे लिहीत नव्हते, ऐकत होते. "हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"आधी विचारायला कोन आलं?" सगुणा म्हणाली. "आमच्यात बी नेलं की दसऱ्याला येऊन सांगतात, काय झालं ते. तवाच मी पन माझं सांगते. तुम्ही तीन दसरं चुकलात. ही पोर आली असती तर तुमची दोन वर्षं वाचली असती, आन् आमचं बी चार गावांत पसरलं असतं. मग खांड पडून बी काय बिघडलं नसतं."

तिनं हे दरडावून सांगितलं नाही. आंधण ठेवलंय, तांदूळ आण, असं सांगावं तसं सांगितलं. नम्रताच्या डोळ्यांत पाणी आलं. "चूक माझी आहे, साहेब," ती म्हणाली. "लेख छापून आला त्या दिवशी मी पेढे वाटले. मावशीकडे जावं असं सुचलंसुद्धा नाही."

वीस वर्षं कुंटे खाऱ्या जमिनीवर लिहीत होते. जगातल्या पाच देशांत त्यांनी भाषणं दिली होती. रोह्याहून दिवखार किती तासांवर आहे हे मात्र त्यांना आजच बाबाजीच्या बोलण्यातून कळलं होतं. ते उठले, स्वतः थंड खोलीत गेले आणि डबा घेऊन आले.

"डब्यातलं सगळं देतो," ते म्हणाले. "पाकिटं राहू देतो, नाहीतर पुन्हा खांड पडली तर कुठून आणणार? फॅक्स करतोच. पण तो परवानगीचा नाही, दिलं असं कळवण्याचा. जबाबदारी माझी."

"साहेब, विचारतील," नम्रता म्हणाली.

"विचारू देत. मलाही इतकी वर्षं कोणीतरी विचारायला हवं होतं."

पोच लिहिली गेली. या वेळी सगुणानं ती बोट ठेवून, अक्षर अक्षर लावत, शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. तोवर डॉक्टर कुंटे डबा हातात धरून उभे होते, आणि त्यांना बसा म्हणायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. 'हस्तांतरण' या शब्दावर ती अडली. अर्थ विचारला. नम्रतानं सांगितला तेव्हा म्हणाली, "मग 'दिलं' असं लिवायला काय हात दुखतो?" कुंट्यांनी तो शब्द खोडून 'दिलं' लिहिलं. मग तिनं सही केली.

मिरगात बी भिजलं. दुसऱ्या दिवशी खाडीचं पाणी शिंपडायला नम्रता आणि कुंटे दोघं दिवखारात होते. कुंट्यांची पँट गुडघ्यापर्यंत वर होती आणि बांधावरून दोनदा घसरून त्यांनी गावाची भरपूर करमणूक केली होती. पाचव्या दिवशी पेंढा उचलला तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. निम्म्याच दाण्यांना मोड आले होते. बाकीचे निपचित पडले होते.

सगुणानं मूठभर बी उचलून निरखलं. "थंडीत ऱ्हाऊन सुस्त झालंय," ती म्हणाली. "निम्मं आलं ना? मग आलं. जे आलं ते जोरकस हाय." तिच्या आवाजात इतकी खात्री होती की कान्हूसुद्धा, जो रोह्याची खोली बघून आला होता, मुकाट्यानं मोडाचं बी पेरायला वाकला.

त्या पावसाळ्यात केंद्राचे विद्यार्थी दर पंधरवड्याला आले. मोजमापं घ्यायचे, आणि घेतलेलं मोजमाप देवळाच्या पडवीत वाचून दाखवल्याशिवाय सगुणा त्यांना एस.टी.ला सोडायची नाही. सुरुवातीला ती पोरं इंग्रजी शब्दांत अडकायची. बायका मग कंटाळून जांभया द्यायच्या. हळूहळू पोरं सरळ बोलायला शिकली. पुरुषांनी नाकं मुरडली, 'मावशीनं शाळा काढली' म्हणाले, आणि वाचन सुरू झालं की तेच पडवीच्या कठड्याला टेकून ऐकायचे.

राता उभा राहिला. उघाडीच्या अगदी तोंडाशी, जिथे कुंट्यांच्या खारटपणा मोजायच्या यंत्रानं काही उगवणार नाही असं सांगितलं होतं, तिथंही कमरेएवढा. कापणी झाली, झोडणी झाली, आणि बियाण्याच्या सहा मुड्या बांधून झाल्या. तेवीस घरांना पुरून वर एक उरत होती. कान्हूनं रोह्याच्या खोलीचा नाद सोडला.

त्याच आठवड्यात कुंटे एक लिफाफा घेऊन आले. परदेशी विद्यापीठाचं उत्तर, मे महिन्यातल्या फॅक्सला कार्तिकात आलेलं. पडवीत सगळे जमले. साहेबांची नोकरी गेली तर आपल्या डोक्यावर पाप, असं बाबाजीला वाटत होतं. कुंट्यांनी पत्र उघडून मराठीत वाचलं. आपली अडचण समजली. विशेष बाब म्हणून संबंधित शेतकऱ्यांना पन्नास ग्रॅमपर्यंत बियाणे देण्यास हरकत नाही. निष्कर्ष कळवावेत.

गाव जे हसत सुटलं ते थांबेना. "पन्नास ग्रॅम! चिमनीला तरी पुरंल काय रं!" कान्हू पोट धरून ओरडला. कुंटेही हसले. ते असे हसलेले नम्रतानं पहिल्यांदा पाहिले.

सगुणा हसली नाही. तिला ते पत्र आवडलं होतं. त्यातली शेवटची ओळ आवडली होती. "विचारलंय ना त्यांनी, काय झालं म्हनून?" ती म्हणाली. "मग कळवलं पायजे. नम्रता, घे लिवून."

नम्रतानं वही उघडली.

"लिव. बी पोचलं. निम्मं मेलं, ते आधी लिव. ऱ्हायलेलं उघाडीच्या तोंडाशी उभं ऱ्हायलं. कसं भिजवलं ते सगलं लिव, कायबी डांबू नको. आन् म्हनावं, एक मुडी जास्तीची हाय. तुमच्याकडं दर्या शेतात शिरत असंल तर धाडतो."

"आणखी काही, मावशी?"

सगुणानं थोडा विचार केला. परदेशात खारी शेतं कशी असतील, तिथं बांध असेल का, तिथल्या शेतात कोण वाकत असेल, हे तिच्या डोळ्यांपुढे येत नव्हतं, आणि ते न येणं तिला सहन होत नव्हतं.

"व्हय. तुमच्या तिकडं खाऱ्यात काय लावतात, कसं भिजवतात, ते बी आमाला कळवा म्हनावं. आन् हे नीट लिव गो," तिनं कुंट्यांकडे एकदा बघून घेतलं. "आपल्या मनानं सांगू नका म्हनावं. तिथल्या बायकांच्या शेतात जा, त्यांना विचारा, मग लिवा."

कुंट्यांनी नम्रताच्या हातातून वही घेतली आणि ते शेवटचं वाक्य स्वतःच्या हातानं इंग्रजीत लिहिलं, तिनं सांगितलं होतं तसंच.